कुणीही नेणार नाही अशी सायकल

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या होबार्ट शहरात लिंडसे पर्सेलची तिसरी सायकल चोरीला गेली तेव्हा चोराने पुढचं चाक तेवढं मागे ठेवलं, कारण कुलूप फक्त त्या चाकालाच होतं. डोक्यावर हेल्मेट आणि हातात चाक अशा अवस्थेत लिंडसे वेस्ट होबार्टचा चढ चालत घरी आला. त्याची बायको रोवेना गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून स्वयंपाकघरात बसली होती. तिने आधी चाकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आज चाक तरी परत आणलंस," ती म्हणाली. "गेल्या वेळी नुसतं कुलूप घेऊन आला होतास."

"कुलूप चांगलं आहे ते."

"असेलच. ते कुणी नेत नाही."

लिंडसे सरकारी प्रयोगशाळेत माती आणि पाणी तपासायचा. एखाद्या विहिरीत शिसं सापडलं की ते कुठून आलं, हे शोधेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. त्या रात्री सूप पिताना त्याने चोरीचाही असाच विचार केला. चोरी व्हायला दोन गोष्टी लागतात. चोराला सायकल नेता आली पाहिजे, आणि त्याला ती न्यावीशी वाटली पाहिजे. आजवर त्याने सगळी मेहनत पहिल्या गोष्टीवर घेतली होती.

"म्हणजे इतकी वाईट दिसणारी सायकल हवी, की तिच्याकडे कुणी बघणारसुद्धा नाही," तो म्हणाला. "पण चालवायला हलकी."

"कचऱ्याच्या डब्याला चाकं असतातच," रोवेना म्हणाली. "त्यावर बसून जा."

पण लिंडसेचं लक्ष तोवर गॅरेजकडे गेलं होतं. तिथे छताच्या तुळईला रोवेनाची जुनी माउंटन बाइक टांगलेली होती. गडद जांभळी, पोलादी, बारीक नळ्यांची. अशा नळ्या आता कुणी बनवत नाही. मुलं होण्याआधी रोवेना तिच्यावरून डोंगरातल्या वाटा पालथ्या घालायची. पुढे मुलं झाली, मग गुडघा बिघडला, आणि सायकल वर गेली ती वरच राहिली. रोवेना उंच होती आणि लिंडसेही उंच होता, त्यामुळे मापाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळा होता.

"ती माझी आहे," रोवेना म्हणाली.

"तिच्यावर कोळ्याने घर केलंय, रो."

"कोळी भाडेकरू आहे. सायकल माझी आहे. ऑपरेशन झालं की मी ती चालवणार आहे. नव्या गुडघ्याला सायकल चांगली, असं सर्जनच म्हणालाय."

"तोवर तरी दे."

रोवेनाने बर्फाची पिशवी उलटी केली. "मी मागितली की परत द्यायची. जांभळीच्या जांभळी. गिअरसकट."

"अर्थात," लिंडसे म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हा शब्द माणूस फार विचार न करता वापरतो.

पुढचे काही शनिवार-रविवार तो गॅरेजमध्ये होता. पुढच्या चाकाचा धक्के शोषणारा जड चिमटा काढून त्याने साधा पोलादी बसवला. तो त्याला कचरा डेपोच्या फाटकावरच्या दुकानात मिळाला. लोक टाकायला आणतात त्यातलं बरं सामान तिथे विकायला ठेवतात, आणि अर्धं होबार्ट आपल्या घरातल्या वस्तू तिथून आणतं. रुंद टायर गेले, अरुंद आले. गिअर सगळे काढून एकच ठेवला. काढलेला प्रत्येक भाग तो प्रयोगशाळेत नेऊन तोलायचा, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईने एकदा नाजूक काट्यावर चिखलाने माखलेलं पॅडल पाहून वरिष्ठांना कळवलंही. सायकल शेवटी एका बोटावर उचलता येईल इतकी हलकी झाली. तशी होणं गरजेचंच होतं, कारण एका गिअरवर वेस्ट होबार्टचा चढ चढता येत नसे, आणि घरी येताना तो सायकलीवर असण्यापेक्षा सायकल त्याच्या खांद्यावर जास्त असे.

मग तिला कुरूप करण्याचं काम सुरू झालं. इथे लिंडसेचं शिक्षण कामी आलं. जांभळ्या रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून त्याने सगळी फ्रेम आधी कागदी पट्टीने गुंडाळली. तिच्यावर डिंक, डिंकावर लोखंडाचा बारीक कीस, आणि त्यावर व्हिनेगर आणि मिठाचं पाणी फवारलं. सकाळपर्यंत फ्रेमवर असा गंज चढला की बंदरातल्या जुन्या बोटींनी मान खाली घालावी. गंज खोटा नव्हता. फक्त तो सायकलीचा नव्हता. सीटला त्याने पावाची प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि हँडलला फाटक्या ट्यूबच्या चिंध्या.

रोवेनाने काठी टेकत येऊन बघितलं.

"आत तुझा रंग जसाच्या तसा आहे," लिंडसे घाईने म्हणाला. "सोललं की निघेल सगळं."

"केळं आहे का ते?"

प्रयोग मात्र यशस्वी झाला. ऑफिससमोरच्या रांगेतून एकाची सायकल गेली, दुसऱ्याची सीट गेली, आणि लिंडसेच्या सायकलीवर कुणीतरी कॉफीचा रिकामा कप ठेवून गेलं. तो कप लिंडसेने पदकासारखा घरी आणून दाखवला. मग त्याने कुलूप नुसतं अडकवायला सुरुवात केली. मग कुलूप घरी राहायला लागलं. बेकरीबाहेर, पोस्टाबाहेर, धक्क्यावर तो सायकल भिंतीला टेकवून खुशाल निघून जायचा आणि परत आला की ती तिथेच असायची. "निरीक्षण चालू आहे," असं तो म्हणायचा. रोवेना म्हणायची, "निरीक्षणाला कुलूप लावलं तर बिघडतं का?" यावर तो हसायचा. हे हसणं पुढे त्याला फार आठवलं.

तिकडे जूनमध्ये लागणाऱ्या हिवाळ्यात रोवेनाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पहिले काही दिवस ती चिडचिडी होती, मग एका सकाळी चहा पिताना शांतपणे म्हणाली, "लिंडसे, सायकल."

"हं?"

"मागतेय. वसंतात मला डोंगराच्या वाटेनं जायचंय. पूर्ण नाही. पहिल्या वळणापर्यंत."

लिंडसेला खरोखर आनंद झाला. त्याच शनिवारी तो सायकल घेऊन शेडवर गेला. शेड म्हणजे निवृत्त माणसांनी चालवलेला कारखाना, जिथे आधी चहा, मग गप्पा आणि उरलेल्या वेळात लाकूडकाम चालतं. सायकलींचा कोपरा अॅथोल टबकडे होता. काढून ठेवलेल्या गिअरपेक्षा चढाला सोपे पडतील असे जुने गिअर त्याच्याकडे नक्की असणार होते. लिंडसेने सायकल बाहेर भिंतीला टेकवली आणि आत गेला.

अॅथोलने गिअर काढून दिले. पण ते देताना गिअर या विषयावर, मग जपानी गिअर या विषयावर, मग त्याच्या मेव्हण्याच्या बोटीवर तो बोलला, शेडवरच्या क्लेमने हाक मारली म्हणून मध्येच बाहेर जाऊन आला, आणि कुणीतरी लॅमिंग्टन केक आणले होते तेही संपवावे लागले. लिंडसे बाहेर आला तेव्हा भिंतीला काही टेकलेलं नव्हतं.

तो परत आत गेला. "अॅथोल, बाहेर माझी सायकल होती."

"कुठं?"

"भिंतीला."

अॅथोलने हातातला पाना खाली ठेवला. "ती तुझी होती?"

"हो."

"अरे देवा. मला वाटलं कुणीतरी लाजेखातर टेकवून पळून गेलं."

लोकांची हीच रीत होती. नको झालेली सायकल शेडच्या भिंतीला टेकवायची आणि कुणी दिसायच्या आत निघून जायचं, म्हणजे आभार मानण्याची वेळ कुणावर येत नाही. वाचवण्यासारखी सायकल आत घ्यायची, बाकीच्या डेपोच्या गाडीत टाकायच्या. लिंडसेला ही रीत माहीत होती. आपली सायकल तिच्यात बसते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"पण उचलताना कळलं नाही का, ती किती हलकी आहे ते?"

"कळलं ना. क्लेम म्हणाला, काय हलकी आहे बघ, बिचारी आतून गंजून पार पोकळ झालीय." अॅथोलचा चेहरा खरोखर पडला होता. "लेका, तू एक चिठ्ठी तरी लावायचीस."

अॅथोलच्या गाडीतून दोघे डेपोवर गेले. दुकानातल्या बाईला सायकल चांगली आठवत होती.

"ती? ती तर आल्या आल्या गेली. थिया ब्रॅकन घेऊन गेली."

"कशाला?"

"ती गंज घेते," बाई म्हणाली, जशी काही लोक अंडी घेतात.

थिया ब्रॅकन डोंगरावरच्या फर्न ट्री गावात राहायची आणि टाकलेल्या लोखंडाची शिल्पं करायची. बाईने तिचा नंबर दिला. लिंडसेने लगेच फोन केला, आणि यंत्राने निरोप सांगायला सांगितलं. खरं म्हणजे त्याने सांगायला हवं होतं की सायकल माझ्या बायकोची आहे, तिला हात लावू नका, मी निघालोच. पण अनोळखी बाईला शनिवारी दुपारी असा त्रास देणं त्याच्या वळणात बसेना.

"नमस्कार, लिंडसे पर्सेल बोलतोय," तो म्हणाला. "एका सायकलीबद्दल होतं. तशी काही घाई नाही. तुम्हाला सवड होईल तेव्हा फोन केलात तरी चालेल. नाही केलात तरी हरकत नाही, म्हणजे, मीच करेन."

अॅथोलने मान हलवली. "छान. अगदी सभ्य."

घरी रोवेनाने विचारलं, "मिळाले का गिअर?"

गिअर त्याच्या खिशात होते. "लॉन्सेस्टनहून यायचेत," लिंडसे म्हणाला. हे असत्य इतकं लहान होतं की दोन दिवसांत सायकल परत आली की ते आपोआप विरून जाईल, असा त्याचा हिशेब होता.

थियाने सवडीने फोन केला. सवड तिला पुढच्या पंधरवड्यात झाली. तोवर लिंडसेने आणखी दोन निरोप ठेवले होते, दोन्ही पहिल्याहून सौम्य. आणि घरी गिअर लॉन्सेस्टनहून आले होते, पण आता फ्रेमला मूळ जांभळ्यावर पारदर्शक थर द्यायचा होता आणि या थंडीत तो वाळत नव्हता.

"हो का," रोवेना म्हणाली. ती प्रत्येक वेळी एवढंच म्हणायची.

फर्न ट्रीला थियाने त्याला हसतमुखाने मागच्या अंगणात नेलं. सायकल तिथे उभी होती. दोन्ही चाकं खाली एका जाड लोखंडी पत्र्याला वितळवून जोडलेली, हँडल थोडं वळलेलं, आणि वरपासून खालपर्यंत, सीटवरच्या पावाच्या पिशवीसकट, सगळ्यावर राळेचा काचेसारखा थर.

"चार माणसांशिवाय हलत नाही आता," थिया अभिमानाने म्हणाली. "कुणी चोरायचं म्हटलं तरी शक्य नाही."

लिंडसेने पत्र्याकडे बघितलं. चाकं तर जोडली होतीच, पण आधाराची एक सळई खालून वर येऊन फ्रेमच्या मागच्या बारीक नळीला जोडलेली होती. त्या पातळ पोलादाने ही उष्णता सोसलेली नसणार, हे त्याला दिसत होतं. जोड कापला तर नळी फाटणार. त्याने तरी वाकून जोडावरून बोट फिरवलं.

"तुम्ही ओळखता का हिला?" थियाने विचारलं. "मला सारखं वाटतं, समुद्राकाठी कुठेतरी पडून होती. खारा वारा, वर्षानुवर्षांचा पाऊस. असा गंज घाईने येत नाही. किती वर्षांचा असेल?"

"मे महिन्यातला आहे," लिंडसे म्हणाला.

"काय?"

"व्हिनेगर आणि मीठ. मी लावला."

आतल्या खोलीत किटली वाजायला लागली आणि वाजतच राहिली.

"हे कृपा करून कुणाला सांगू नका," थिया शेवटी म्हणाली. "ती विकली गेलीय. सोमवारी जाणार आहे."

"कुठे?"

"शहरातल्या व्यायामाच्या केंद्रात. ऑपरेशन झालेल्यांना तिथे पुन्हा चालतं करतात ना, गुडघे, कंबर वगैरे. त्यांना आवारात काहीतरी आशादायक हवं होतं."

रोवेनाचा तिथला पहिला मंगळवार त्याच आठवड्यात होता.

घरी जाऊन सगळं सांगून टाकणं हा उपाय लिंडसेला डोंगर उतरताना सुचला. सोपा होता, आणि त्यात साहित्यही काही लागत नव्हतं. पण घरी रोवेना पायाला उशी लावून एका पायाने हवेत पॅडल मारत होती. सर्जनने शिकवलेला व्यायाम. तिने विचारलं, "वाळला का थर?" लिंडसे म्हणाला, "जवळजवळ."

नंतर तो म्हणाला, "किंग्स्टनला एक चांगलं केंद्र आहे म्हणे. गाडी लावायला खूप जागा आहे."

"मला गाडी लावायची नाहीये. पाय वाकवायचाय."

"मग व्यायाम मी घरीच घेतला तर?"

"तू बाटल्या हलवणारा माणूस आहेस, लिंडसे. माझा पाय तरी माणसांच्या हातात राहू दे."

मंगळवारी त्याने तिला अगदी पुढच्या दारात सोडलं, आवारावरून जावं लागू नये म्हणून गाडी फुटपाथवर थोडी चढवली, आणि दारापर्यंत तिच्या उजव्या बाजूने चालला, कारण आवार उजवीकडे होतं. मग दर मंगळवारी हेच. परतताना गाडीत तो सहज विचारावं तसं विचारायचा.

"काय करून घेतलं आज?"

"सायकल. जागच्या जागी फिरणारी."

"भिंतीकडे तोंड करून?"

"नाही. खिडकी आहे."

"दिसतं का काही?"

"आवार," रोवेना म्हणायची. मग ती रेडिओ लावायची.

वसंत आला. केंद्रातल्या टॅमसिन नावाच्या तरुण फिजिओने एका मंगळवारी बाहेर येऊन लिंडसेच्या गाडीच्या काचेवर टकटक केली. घरचे व्यायाम समजून घ्यायला तुम्हीही आत या, असं ती म्हणाली. त्याने आपल्याला पार्किंगची चिंता असल्याचं सांगितलं. तिने ती ऐकली नाही.

आत व्यायामाच्या सायकली एका रांगेत, मोठ्या काचेच्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या होत्या. मधल्या सायकलीवर रोवेना होती. खिडकीपलीकडे, तिच्या बरोब्बर समोर, पत्र्यावरची ती सायकल उभी होती. उन्हात राळ चमकत होती.

लिंडसे रोवेनाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. टॅमसिनला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

"चांगली आहे," थोड्या वेळाने लिंडसे म्हणाला. "कलाकृती."

"हं," रोवेना पॅडल मारत म्हणाली. "जांभळा रंग मात्र कुठे दिसत नाही."

लिंडसेने खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. सहा वर्षं बसलेय मी तिच्यावर. तू तिला गोधडीत गुंडाळली असतीस तरी ओळखली असती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं. आधी मला वाटलं, लाजतोय बिचारा, देऊ या थोडा वेळ. मग तू म्हणतच राहिलास, थर वाळत नाही. दर मंगळवारी इथे येऊन मी वाळलेला थर बघत होते आणि घरी येऊन विचारत होते, वाळला का. मग मला मजा वाटायला लागली." तिने वेग कमी केला. "मग वाटेनाशी झाली."

लिंडसेने सगळं सांगितलं. भिंत, लॅमिंग्टन केक, क्लेम, फोनवरचे निरोप. आतून गंजून पोकळ झाली, हे ऐकल्यावर रोवेना इतकी हसली की शेजारच्या म्हाताऱ्याने आपली सायकल थांबवून तिच्याकडे बघितलं. मग ती थांबली.

"काय सांगितलंस तिला? घाई नाही?"

"हो."

"तीनदा?"

"हो."

"कापून काढता येईल?"

"नाही. नळी फाटेल. मी बघितलंय."

रोवेनाने मान डोलावली. तिचं त्याच्यावर विश्वास ठेवणं एवढ्या सगळ्यानंतरही तसंच होतं, आणि लिंडसेला त्याचंच जास्त लागलं.

"नवी घेऊ," तो म्हणाला. "तुला हवी ती. गिअरवाली. आजच."

"घेऊ." ती सायकलीवरून हळूच उतरली आणि टॉवेलने मान पुसली. "ती मला त्या वाटेवर नेईल. पण मला हिच्यावरून जायचं होतं, लिंडसे. तू वेळेवर सांगितलं असतंस तर मी स्वतः फर्न ट्रीला गेले असते. काठी घेऊन. आणि मी घाई आहे असंच म्हटलं असतं."

या वेळी त्याने काही बनवून सांगितलं नाही.

काचेचं दार ढकलून ती आवारात गेली. तो मागून गेला. शिल्पाजवळ खांबावर पितळी पाटी होती, कृपया हात लावू नये. रोवेनाने काठी त्या पाटीला टेकवली, डावा हात हँडलवर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "धर."

लिंडसेने सीटच्या मागे हात घातला. पावाची पिशवी काचेसारखी कडक लागली. रोवेनाने नवा गुडघा वाकवला, थोडी थांबली, आणखी वाकवला, आणि पाय पलीकडे नेला. ती बसली. दोन्ही पावलं तिने पॅडलवर ठेवली. पॅडलं फिरत नव्हती. डोंगराकडून गार वारा येत होता आणि तिने त्या दिशेला तोंड केलं. आत टॅमसिन खिडकीवर दोन्ही हातांनी थापा मारत होती.

"धरलंयस ना?" रोवेनाने विचारलं.

"धरलंय."

खालचा पत्रा हलवायला चार माणसं लागली होती. सायकल एका बाजूला केसभरही कलणं शक्य नव्हतं, हे लिंडसेला इथे असलेल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी रोवेना स्वतःहून उतरेपर्यंत त्याने हात काढला नाही.